ग्वाल्हेरच्या लश्करमधले बंदूक-दुरुस्तीचे दुकान: आजोबांच्या .२२ रायफलच्या निमित्ताने

आमच्या घरी आजोबांची बीएसए कंपनीची, मार्टिनी पद्धतीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी .२२ (नळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच) रायफल आहे. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने हे ‘मॉडेल १२’ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्लबातल्या नेमबाजीसाठी काढले होते. वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा रायफलचा बार होत असे, पण काडतुसाची रिकामी केस, म्हणजे पितळी नळकांडे, चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत) अडकून बसे आणि प्रत्येक वेळी ती नळीतून सळई घालून ढकलावी लागे. ग्वाल्हेरात महाराज बाड्यापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, लश्करच्या जुन्या वस्तीत असलेल्या एका परवानाधारक दुकानात मी ती दुरुस्तीला दिली. त्या अनुभवाविषयी इथे सविस्तर लिहितो, कारण जुनी हत्यारे जपणाऱ्या मराठी घरांची संख्या आपल्या शहरात अजूनही बरीच आहे आणि चांगला मिस्त्री कुठे मिळेल, हे प्रत्येकजण विचारत असतो.

दुकानात शिरताच मिस्त्रींनी आधी परवाना पाहिला, रायफलवरचा क्रमांक त्यावरच्या नोंदीशी ताडून घेतला आणि मगच पट्टा सोडायला सांगितले. खालचा खटका (लिव्हर) ओढून नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा उघडल्यावर त्यांनी चेंबरच्या तोंडाशी छोटा दिवा धरला आणि माझ्या हातात भिंग दिले. वरच्या कडेला, घड्याळात बाराचा आकडा असतो त्या जागी, तांदळाच्या कणीएवढा खड्डा पडला होता आणि त्यातले पोलाद आत, चेंबरच्या पोकळीत, सरकले होते. अडकणाऱ्या केसचे कारण तेच होते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात या रायफलची, काडतुसावर आपटून बार उडवणारी पिन बदलून घेतली होती. ती नवी पिन किंचित लांब होती, आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढला गेला की तिचे टोक सरळ नळीच्या कडेवर आपटत असे. त्याच दुकानात रायफलला ‘चमक’ देताना कंपनीची तीन बंदुकांच्या जुडग्याची खूणही निम्मी घासली गेली, याचे दुःख मला आजही आहे.

हा आत आलेला धातू कानशीने उडवून टाकणे सोपे होते आणि अर्ध्या तासात काम झाले असते. मिस्त्रींनी ते करायला स्पष्ट नकार दिला. .२२ च्या काडतुसाची पितळी केस फार पातळ असते आणि तिच्या कडेला चारही बाजूंनी पोलादाचा आधार लागतो. धातू घासून काढला तर तेवढ्या जागी आधार कायमचा जातो आणि केस तिथेच फुटू शकते. म्हणून त्यांनी कडक पोलादाची, निमुळत्या टोकाची, आरशासारखी गुळगुळीत कांडी चेंबरमध्ये घालून, दाबत आणि फिरवत, सरकलेले पोलाद पुन्हा मूळ जागी बसवले. नंतर पिन योग्य लांबीची केली. या कामात घाई करता येत नाही, हे मी समोर बसून पाहिले आहे. नळी पुन्हा काळी करून द्या आणि चाप हलका करा, अशा माझ्या आणखी दोन मागण्या होत्या. त्यांनाही त्यांनी नकारच दिला. आता वाटते, या दुकानाची खरी किंमत त्या तीन नकारांत आहे.

आजोबांच्या पेटीत मला पकडीसारखे एक जुने हत्यार आणि वीसेक रिकाम्या केसा सापडल्या होत्या. काडतुसे हाताने भरण्याचे ते साधन आहे, एवढे मला ठाऊक होते आणि .२२ ची वापरलेली काडतुसे त्यात पुन्हा भरता येतील, अशी माझी समजूत होती. मिस्त्रींनी दोन केसा शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला. आमच्या रायफलच्या केसमध्ये पेट घेणारे मिश्रण तळाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते. पिनने कड एकदा चेपली की ती केस संपली. पेटीतल्या केसा मात्र .२२ हॉर्नेट या वेगळ्या काडतुसाच्या निघाल्या. त्यांच्या तळाशी मधोमध वेगळी टोपी बसते, म्हणून ती बदलून केस पुन्हा वापरता येते. हॉर्नेटची काडतुसे विंचेस्टरने १९३० च्या सुमारास बाजारात आणली. त्या केसमध्ये दारू इतकी थोडी मावते की तोलण्यातली बारीकशी चूकही दाब धोकादायक करते. शिवाय जुन्या हॉर्नेट नळ्यांचा व्यास नंतरच्या नळ्यांपेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने कमी असल्यामुळे आज मिळणारी गोळी त्यांत घट्ट बसते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे तयार करायलाही परवाना लागतो, आणि तो आपल्याकडे नाही, असे सांगून त्यांनी पकड कापडात गुंडाळून परत दिली. ती आता आजोबांच्या फोटोशेजारी ठेवली आहे.

काडतुसांच्या बाबतीतही त्यांचा सल्ला उपयोगी पडला. जादा वेगाची काडतुसे न देता त्यांनी साध्या वेगाची, ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची दिली. ती ध्वनीच्या वेगाखालीच राहते, म्हणून वाटेत तो वेग ओलांडताना गोळी डगमगण्याचा प्रश्न येत नाही आणि शंभरीला आलेल्या यंत्रणेवर ताणही कमी पडतो. नळीत जुन्या गंजाचे ठिपके आहेत. पूर्वीच्या काडतुसांतल्या पेट घेणाऱ्या मिश्रणातून क्षार मागे राहत आणि ते तेलाने निघत नाहीत, पाण्यानेच विरघळतात. त्या काळी बार झाल्यावर नळी गरम पाण्याने न धुणाऱ्यांच्या रायफली अशाच खराब झाल्या. नवी नळी आत बसवण्याचा खर्च सुचवून त्यांना पैसे करता आले असते. त्याऐवजी त्यांनी आधी नेम पाहायला सांगितले. परवानाधारक रेंजवर ५० मीटरवरून पाच गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत लागल्या आणि एकही केस अडकली नाही.

तक्रारी आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. तीन आठवडे म्हणून सांगितलेले काम सात आठवड्यांनी मिळाले, मधल्या काळात फोन क्वचितच उचलला गेला आणि खर्चाचा अंदाज लिहून मिळाला नाही. शेवटी ४,५०० रुपये झाले. कामाच्या मानाने मला ते रास्त वाटतात, पण आकडा आधी कळायला हवा होता.

जाणाऱ्यांनी मूळ परवाना आणि त्याची प्रत दोन्ही न्यावीत, रायफल रिकामी असल्याची खात्री घरीच करून ती पिशवीत बंद करून न्यावी, आणि जमा केल्याच्या पावतीवर रायफलचा क्रमांक नीट लिहिला आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. मिस्त्री दुपारी जेवायला घरी जातात. सकाळी अकराच्या आत गेलात तर ते निवांत भेटतात आणि भिंगही तुमच्या हातात देतात.