पॉवरशेल की बॅश? मराठी याद्या सांभाळणाऱ्यांसाठी

लातूरचे क्लासेस असोत, उदगीरची आडत असो की तालुक्याचं सेवा केंद्र, कॉम्प्युटरवरचं रोजचं काम थोड्याफार फरकाने तेच: स्कॅन फाइलींना नावं द्यायची, याद्या गाळायच्या, संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा. चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या आज्ञा, हे सगळं उरकते. ती कशात लिहायची, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये की लिनक्सच्या बॅशमध्ये? दोन्ही शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारे प्रोग्राम.

मशीन विंडोजची असेल तर माझं मत पॉवरशेलला. ते आधीपासूनच असतं. बॅशसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घ्यावं तर आत अख्खं उबंटू लिनक्स येतं, 4 जीबी रॅमच्या जुन्या मशीनला ते झेपत नाही. गिट बॅश, म्हणजे विंडोजवर चालणारं छोटं बॅश, हलकं आहे, किरकोळ कामाला पुरतं.

खरा फरक सीएसव्ही यादीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीत, दिसतो. परळी गावचे लोक हवेत म्हणून बॅशमधल्या ग्रेप या शोधायच्या आज्ञेला 'परळी' शोधायला सांगितलं, तर अंबाजोगाईत राहणारे परळीकरही येतात, कारण ग्रेप ओळ बघतो, रकाना नाही. ऑक या दुसऱ्या आज्ञेला रकाने कळतात, पण पत्त्यात स्वल्पविराम आला की साध्या ऑकचे रकाने सरकतात. पॉवरशेलची इम्पोर्ट-सीएसव्ही ही आज्ञा मथळे ओळखते आणि अवतरणातला स्वल्पविराम सांभाळते. 'गाव' बरोबर 'परळी', एवढंच सांगायचं.

मात्र विंडोजसोबत येणाऱ्या 5.1 आवृत्तीत मराठीचे हाल होतात. यादी लिहिणाऱ्या एक्सपोर्ट-सीएसव्हीला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! यूटीएफ-8 सांगायलाच हवं. स्क्रिप्टमध्येच मराठी शब्द असेल तर नोटपॅडमध्ये ती फाइल 'यूटीएफ-8 विथ बॉम' (बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) निवडून सेव्ह करा, नाहीतर 'परळी' कधीच सापडणार नाही. पॉवरशेल 7 वेगळं बसवावं लागतं, पण मराठीसाठी ते बसवाच. त्यातही एक्सेलला द्यायची फाइल बॉमसकट लिहा. बॅश तर बॉम आपणहून लावतच नाही, म्हणून तिथली यादी एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की अक्षरांचा चिवडा होतो.

नावं बदलताना पॉवरशेलचा व्हॉटइफ पर्याय फार मोलाचा: काय बदलेल ते आधी दाखवतो, फाइलला हात लावत नाही. बॅशमध्ये नाव बदलणाऱ्या एमव्हीच्या आधी इको (नुसतं छापून दाखवणारी आज्ञा) लावून तेच साधतं.

बॅकअपला विंडोजवर रोबोकॉपी, लिनक्सवर आरसिंक. मधेच लाइट गेली तरी पुन्हा चालवलं की झालेल्या फाइली दोन्ही सोडून देतात. रोबोकॉपीचा मिरर पर्याय जपून वापरा, मूळ फोल्डरमधून उडालेली फाइल तो पेनड्राइव्हवरूनही उडवतो.

नांदेडला किंवा संभाजीनगरला इंजिनिअरिंग करणाऱ्यांनी मात्र बॅशच धरावं. 1989 पासूनचं हे शेल बहुतेक लिनक्स सर्व्हरवर भेटतं, आणि मोठमोठ्या लॉग (नोंदींच्या) फाइली चाळताना ग्रेपचा वेग पॉवरशेलला गाठता येत नाही.

पॉवरशेल घेतलंत तर पहिली स्क्रिप्ट बहुधा अडेल, कारण विंडोज स्क्रिप्ट चालवायची परवानगी मुळात बंद ठेवतं. एक्झिक्यूशन पॉलिसी, म्हणजे हीच परवानगी, फक्त स्वतःच्या युजरपुरती 'रिमोटसाइन्ड' करा.