जाड कादंबरी कानाने, आत्मचरित्र विकत

फोंड्याला माझी मावसबहीण राहते, ताई. शाळेतून निवृत्त होऊन तिला चार महिने झाले. परवा फोनवर म्हणाली, "मोबाइल बघून डोळे शिणले रे. परत वाचायला लागायचं म्हणते. काय वाचू सांग, आणि विकत घेऊ की लायब्ररी लावू?" तिच्याकडे दुपारचा तासभर आहे आणि झोपण्याआधीचा अर्धा. हजारभर रुपये घालायची तयारीही आहे. फोनवर मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. नीट उत्तर आता लिहितोय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

माझ्या ओळखीपाळखीत आणि फोंडा-पणजी बसमध्ये सध्या तीन प्रकारची मराठी पुस्तकं जास्त दिसतात: आत्मविकासाची भाषांतरं, जाड ऐतिहासिक कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं. कथासंग्रह क्वचित. कवितासंग्रह कुणाच्या हातात शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही, आणि बोरकरांच्या गोव्यात हे लिहिताना बरं वाटत नाही.

आधी आत्मविकास. सवयी, पैसा, पहाटे उठणं यांवरची ही पुस्तकं नोकरदार मुलंमुली घेतात, एकमेकांना वाढदिवसाला देतात. असंच एक मी वाचनालयातून आणलं होतं. पहिल्या प्रकरणात कुणीतरी पट्टी लावून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, दुसऱ्यात दुसऱ्या कुणाच्या निळ्या पेनाच्या. चाळिसाव्या पानानंतर मात्र पुस्तक कोरं करकरीत. मीही त्यांच्यातलाच. नऊ दिवस पाचला उठलो, दहाव्या दिवशी पाऊस होता. तरी ही पुस्तकं वाया जातात असं नाही. एखादी गोष्ट अंगाला लागते. माझ्यापुरतं म्हणजे जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं. पण त्या एका गोष्टीसाठी तीनशे रुपये आणि कपाटातली जागा? हे लायब्ररीतूनच आणावं. आणावं मात्र छापील. २०१८ साली ५४ अभ्यासांचा, सुमारे १ लाख ७१ हजार वाचकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कागदावर वाचलेलं पडद्यापेक्षा जास्त समजतं असं त्यात निघालं. गंमत म्हणजे हा फरक माहितीपर मजकुरात होता, गोष्टींमध्ये नव्हता.

गोष्टीचं माध्यम बदललं तरी फारसं बिघडत नाही, हे मला ऐतिहासिक कादंबरीने पटवलं. सहाशे-सातशे पानांचा ठोकळा आडवं पडून वाचायचा म्हणजे मनगटाची परीक्षा, आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गर्दीत तो उघडणं तर अशक्यच. मी एक कादंबरी कानात घातली. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून त्यावर मराठी आहे, इतरही सोयी आहेत. जाता-येता दोन तास धरले तर दोन-अडीच आठवड्यांत वेढे, तह, दगाफटका सगळं आटोपतं. चांगला वाचणारा असला की पात्रं वेगवेगळी उभी राहतात. असल्या कादंबरीचा परिणाम मोठा आणि तात्काळ असतो. एकदा मी पणजीत पाटोला उतरायचं विसरलो आणि बसस्थानकावरून चालत मागे आलो, डोक्यात गड तसाच पेटलेला.

धोकाही तिथेच आहे. कादंबरीकाराने पात्राच्या तोंडी घातलेलं वाक्य पुढे जेवणाच्या टेबलावर इतिहास म्हणून येतं. आमच्याकडे एका तहावरून मेहुण्याशी माझं वाजलं. दोघांचाही पुरावा कादंबरीच, फक्त वेगवेगळी. ताईसारख्या समाजशास्त्र शिकवलेल्या बाईला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

आता आत्मचरित्र. इथे माझा पक्षपात उघड आहे. आई बहात्तर वर्षांची. दुपारी जेवण झालं की खिडकीपाशी बसते, ओळीखाली बोट धरते आणि ओठ हलवत वाचते. खूण म्हणून बसचं जुनं तिकीट. मागच्या वर्षी एका बाईचं आत्मचरित्र तिच्या हाती दिलं, देशावरच्या गावातलं. काळ तिच्याही आधीचा, बोली वेगळी. विसेक पानं झाल्यावर तिने पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि म्हणाली, "आमगेरूय तशेंच आशिल्लें." म्हणजे आमच्याकडेही तसंच होतं. घरी आम्ही कोंकणी बोलतो आणि पुस्तक मराठीत वाचतो, त्यात तिला किंवा मला कधी अडल्यासारखं वाटलेलं नाही. मग सावईवेऱ्याच्या कुळागराचा, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेचा, विषय निघाला. गोवा मुक्तीनंतर गावात शाळा आली तेव्हा आई सात-आठ वर्षांची, थोरल्या बहिणीचं वय शाळेसाठी उलटून गेलेलं. ती बहीण धाकट्यांच्या पाट्यांवरून अक्षरं गिरवून चोरून वाचायला शिकली, हे मला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळलं. मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. ताई तिचीच मुलगी, आणि तिलाही हे माहीत नव्हतं.

ते पुस्तक आईने एकदा संपवलं आणि परत पहिल्यापासून घेतलं. मधलीच पानं उघडते, तिकीट कुठेही असतं. असं पुस्तक पंधरा दिवसांनी परत करायचं म्हणजे पाहुण्याला पानावरून उठवण्यासारखं. आत्मचरित्र विकत घ्यावं ते एवढ्यासाठीच.

फक्त आत्ता घेऊ नये. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा पुस्तकांच्या कपाटात पडतो, असं माझं मत आहे. आषाढात पानं फुगतात, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, कसर लागते. वेखंडाचे तुकडे, कापूर, डांबरगोळ्या, सगळं करून झालं. भिंतीला टेकवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि उन्हाचा दिवस मिळाला की दारं उघडी टाकली, त्याने त्यातल्या त्यात फरक पडला. थेट उन्हात मात्र पुस्तक घालू नका, पुठ्ठा वाकतो. खरेदी दसऱ्यानंतर करावी. तोवर लायब्ररी आहेच. पाटोवरची कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची संस्था १८३२ सालची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची गणना होते. ताईला तिथवर यायचं कारण नाही, फोंड्यातच सोय होईल.

कथासंग्रहाबद्दल थोडक्यात. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता: साहित्यिक कथा वाचल्यावर समोरच्याच्या मनातलं ओळखायची क्षमता लगेच वाढते म्हणे. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसं निघालं नाही. तेव्हा स्वभाव सुधारायला म्हणून कथा वाचू नये. एका बैठकीत संपते, हे कारण पुरेसं आहे.

फोनवरचं ई-पुस्तक ताईसाठी मी बादच करतो. फोनपासून पळणाऱ्या माणसाला परत फोनच द्यायचा? किंडलच्या दुकानात २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत आणि अक्षर मोठं करता येतं ही सोय खरी, पण मला हवी ती निम्मी पुस्तकं तिथे सापडली नाहीत. रात्रीचा मुद्दाही आहे. उजेडाच्या पडद्यावर वाचून झोप उशिरा लागते असं २०१४ च्या एका प्रयोगात दिसलं. माणसं बाराच होती आणि ती रोज चार तास वाचत होती. आमच्या घरात चार तास सलग कुणी काही केल्याचं ऐकिवात नाही, तरी झोपताना कागदच बरा.

तर ताई, या आठवड्यात लायब्ररी लाव. दुपारी आत्मचरित्र आण. पहिल्या पन्नास पानांत जमलं नाही तर निमूट परत कर, संपवायचा हट्ट शाळेत सोडून ये. स्वयंपाक करताना कादंबरी कानाला लाव, पण भात लागला तर मला फोन करू नकोस. रात्री एक कथा. आणलेल्या तीन-चार आत्मचरित्रांतलं जे परत करताना जिवावर येईल, तेवढंच दसऱ्यानंतर विकत घे. हजारातले पैसे उरतील. त्यांचा दिवाळी अंक घे. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही चाल अजून टिकून आहे, आणि एकाच अंकात कथा, आठवणी, कविता, भविष्य सगळं मिळतं. माझ्याकडे एक अंक शिगम्यापर्यंत पुरतो.