न उघडलेल्या कॅलिपरचे ६२० रुपये

पुढच्या ब्रेकचं काम म्हणून माझ्याकडून २,३८० रुपये घेतले. बिल असं: डिस्क पॅड जोडी ७८०, डिस्क कटिंग ४५०, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किट ६२०, ब्रेक ऑईल १८०, मजुरी ३५०. त्यातली डिस्क कटिंग झाली नाही, कॅलिपर किट बसलं नाही, ऑईल बदललं नाही. पॅड तेवढी बदलली. काढली ती चांगली होती आणि घातली ती नकली. पुढे ते निस्तरायला २,८५० गेले. एकूण ५,२३०. यापेक्षा मोठ्या रकमांना लोक फसतात, ते ठाऊक आहे. पण हा ब्रेक आहे, आणि तो घाटात गेला असता.

गाडी दीडशे सीसी, पुढे डिस्क. जांबोटीच्या बाजूला पावसात दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि लिव्हर दाबला की पुढून चिरका आवाज यायला लागला. पकड व्यवस्थित होती. अशा आवाजाची पहिली कारणं दोनच: पॅडचं तोंड चिखल आणि उष्णतेने गुळगुळीत झालंय, किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्यात. पॅड काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चारदा घासायची, पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावायचं, झालं. शे-दीडशे रुपयांचं काम. बेळगावच्या उद्यमबागेत चौदा वर्षं लेथवर काढली आहेत, हे मला येत नाही असं नाही. पण बाहेर पाऊस होता, दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरायचा होता, अंगणात गाडी उभी करून ब्रेक खोलायची सोय नव्हती. हायवेला लागून कर्नाटकच्या बाजूचं एक बऱ्यापैकी दिसणारं गॅरेज होतं, तिथे गेलो.

"अण्णा, पॅड संपल्यात की. घाट उतरणार म्हणताय, आणि अशानं?" पुढचं सगळ्यांना पाठ आहे. भीती घालायची, पावसातून आत बसवायचं, चहा मागवायचा.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा जुनी पॅड ट्रेमध्ये पडली होती. एक उचललं. पॅडच्या मधोमध झिजेची खूण म्हणून खाच असते. ती खाच दिसत होती. नखाने चाचपली तर नख आत अडकत होतं. खाच शाबूत असेल तर पॅड झिजून संपलेलं नसतं. बहुतेक गाड्यांत मसाला (डिस्कवर घासणारा पॅडचा थर) एक ते दीड मिलीमीटरवर आला की पॅड बदलायचं. त्याच्यावर निदान दुप्पट माल होता. मी म्हटलं, "अजून आहे की यात." त्याने माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि "काचेसारखं झालंय बघा, पावसात धरणार नाही," म्हणाला. आणि मी गप्प बसलो. काचेसारखं झालेलं पॅड घासून वापरतात हे मला माहीत असताना गप्प बसलो. माझ्याच हातातलं पॅड त्याला परत घेऊ दिलं, ही माझी सर्वांत मोठी चूक. जुना पार्ट तुमचा आहे. पैसे देण्याआधी तो पिशवीत मागून घ्या, नको म्हणाला तर पैसे थांबवा.

दुसरी खूण त्याहून सोपी होती आणि ती गाडी आत न्यायच्या आधीच दिसत होती. हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीला काच असते. पॅड झिजतं तसं पिस्टन बाहेर येतं आणि डबीतली पातळी खाली जाते. माझी पातळी मध्याच्या वर होती आणि वर्षभरात कुणी थेंब टाकला नव्हता. पॅड संपली असती तर ऑईल खालच्या रेषेला टेकलं असतं. म्हणूनच पातळी खाली दिसली की लगेच ऑईल ओतायला देऊ नका. आधी पॅड बघा. झिजलेल्या पॅडवर डबी भरून ठेवली की नवी पॅड बसवताना पिस्टन आत ढकलल्यावर ऑईल वरून सांडतं, आणि डॉट ४ ऑईल टाकीवर पडलं तर रंग उठतो. सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन बसलो. कॅलिपर किट म्हणजे पिस्टनचे रबरी सील. ते बदलायचे तर पिस्टन बाहेर काढावं लागतं, सगळं ऑईल सांडतं, परत भरून ब्लीड निपलमधून हवा काढावी लागते. गॅरेजमध्ये मात्र सगळं मिळून पस्तीस मिनिटांत झालं होतं. माझ्या निपलच्या रबरी टोपीवर जांबोटीच्या रस्त्याचा तांबडा चिखल जसाच्या तसा वाळलेला होता. टोपी न काढता हवा निघत नाही. डबीतलं ऑईल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. नवं डॉट ४ फिकट पिवळं असतं. डिस्क कटिंगचं काय सांगू. डिस्क लेथवर घ्यायची तर चाक उतरवावं लागतं. पुढच्या ॲक्सलच्या नटावर तोच तांबडा चिखल, पान्याचा ओरखडाही नाही. डिस्कच्या कडेला झिजून उभी राहिलेली धार होती तशीच. लेथवरून आलेल्या पत्र्याला ती धार राहील का? मोटरसायकलची डिस्क मुळात चार-साडेचार मिलीमीटरची, तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, माझ्या गाडीला ३.५ आहे. तिच्यातून कातरायला फार काही नसतंच. कुणी दुचाकीची डिस्क कटिंग करून देतो म्हणाला तर तिथूनच गाडी वळवा.

हे सगळं त्याच रात्री कळलं. तरी पॅड नवी आहेत या समजुतीवर मी गाडी चालवली. बिलावर ओरिजिनल लिहिलं होतं म्हणून.

६४० किलोमीटर झाले आणि जांबोटीच्या अलीकडे लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला. आतल्या पॅडचा मसाला पत्र्यापासून अर्धा सुटला होता आणि पत्रा डिस्कवर घासत होता. चांगल्या पॅडमध्ये मागचा पत्रा खरखरीत करून, डिंक लावून, दाब आणि उष्णता देऊन मसाला बसवतात. याचा पत्रा आरशासारखा साफ, नुसता चिकटवलेला. व्हर्नियर लावला: दोन पॅडच्या मसाल्यात ०.४ मिलीमीटरचा फरक. पत्र्याच्या कानांना कापल्याची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) तशीच, त्यामुळे पॅड ब्रॅकेटमध्ये सरकत नव्हतं, अडकून डिस्कला चिकटून राहत होतं. सतत घासणं, सतत तापणं, आणि मग डिंकाने जीव सोडला. डिस्कवर दोन खोल चर पडले. त्या चरात जाडी ३.४. डिस्क गेली. नवी डिस्क १,८४०, पॅड ६४०, ऑईल १२०, मजुरी २५०. ओरिजिनल पॅड नकलीपेक्षा १४० रुपयांनी स्वस्त मिळाली.

पॅड घेताना बंद पाकीट स्वतःच्या हातात घ्या. पॅक केलेल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो, २०११ च्या नियमांनी. मला पाकीट दाखवलंच नव्हतं. पॅड हातात आलं की कोपरा नखाने खरवडा, काळी पूड झडली तर परत द्या. दोन्ही पॅड एकमेकांवर ठेवून जाडी बघा. पार्ट नंबर पत्र्यावर ठोकलेला किंवा स्पष्ट छापलेला हवा. बोटाला लागणारी बर नको.

बिलाकडेही बघा. मी पाहिलंच नव्हतं. गॅरेज कर्नाटकात, तर जीएसटी नंबर २९ ने सुरू व्हायला हवा. माझ्या बिलावरचा नंबर २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र, आणि मोजला तर चौदाच अक्षरं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. दुकानाचा शिक्का नाही, गाडीचा नंबर नाही. सीमेवर राहणाऱ्याने हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत.

कारण सीमेचा फायदा असे गॅरेजवालेच घेतात. मी पॅड घेऊन परत गेलो तर उत्तर मिळालं, "पार्ट तिकडच्या दुकानाचा, त्यांना विचारा." पोलीस ठाण्यात सांगितलं, हे ग्राहकाचं प्रकरण, इथं घेत नाही. मी म्हटलं, नकली पार्ट विकलाय, माणूस मेला असता. "मेलात का?" हे उत्तर मला खाकी कपड्यातल्या माणसाने दिलं. अर्ज तरी घ्या, पोच तरी द्या, दिली नाही. पाकिटावरच्या छपाईची तक्रार जिथे होते त्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, पाकीट आणा. पाकीटच दिलं नाही ही तर तक्रार आहे! बरं, बिल बघा म्हटलं, तर बिल महाराष्ट्राचं, तिकडे जा. कागल ओलांडून तिकडे गेलो तर गॅरेज कर्नाटकातलं, तुमच्या जिल्ह्यात द्या. परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. आणला, १५० रुपये देऊन लिहून घेतला. तर ज्यांनी बघायचं ते साहेब सुट्टीवर. चार अर्ध्या रजा, पेट्रोल, झेरॉक्स, आणि प्रत्येक टेबलावर तीच नजर, की एवढ्याशा पैशांसाठी कशाला फिरतोय हा. त्या पॅडवर आणखी किती गाड्या चोर्ला, आंबोली उतरत असतील, हे एकानेही विचारलं नाही.

कुणीही सांगितलं नाही ते हे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देता येते. दुकान सीमेच्या कुठल्या बाजूला, याचा प्रश्नच उरत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आधी फोनवर सल्ला हवा तर १९१५.

दुसऱ्यांदा पॅड मी स्वतः बसवली, डिस्क तेवढी ओळखीच्या मेस्त्रीकडून. करणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. पॅडची पिन कॅलिपर फोर्कवर असतानाच सैल करा, उतरवल्यावर ती हातात फिरते आणि सुटत नाही. मग दोन बोल्ट. कॅलिपर दोरीने टांगा, होजवर लोंबू देऊ नका. एबीएस असेल तर सेन्सरची वायर सांभाळा. पिस्टन आत ढकलण्याआधी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन ते चकचकीत करा. चिखलासकट ढकललं तर सील फाटतं, आणि मग खरंच ते ६२० चं किट लागतं. डबीचं झाकण उघडून फडकं गुंडाळा, हळूहळू ढकला. ग्रीस फक्त सरकणाऱ्या पिनांना, मसाल्याला एक थेंबही नको. फोर्कचं ऑईल गळून पॅडवर गेलं असेल तर ती पॅड फेका, धुऊन उपयोग नाही. आतलं पॅड पातळ आणि बाहेरचं जाड निघालं तर बहुतेक वेळा दोष पॅडचा नाही, कॅलिपर पिनांवर अडकतोय. बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर दगडासारखा लागेपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला काहीच धरत नाही. गल्लीच्या तोंडाशी हे कळून उपयोग नसतो. नंतर मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून दहावर, वीसेक वेळा, चाक लॉक न करता आणि मध्ये थंड होऊ देत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड कमीच असते, त्यात घाट नको.

आयोगात अर्ज दिला आहे. दोन्ही बिलं, चिखल भरलेल्या निपलचे आणि नटाचे फोटो, चर पडलेली डिस्क, पत्र्यापासून सुटलेलं पॅड, सगळं जोडलं. खाच शाबूत असलेली जुनी पॅड मागितली आहेत. ती माझ्याकडे नाहीत.