जुने फोटो "नवे करून" देणाऱ्यांनी माझे १४,०८५ रुपये खाल्ले, आजीचं गोंदणही पुसलं

आधीच सांगते, मी १७ वर्षं अकाउंट्समध्ये आहे आणि ऑफिसात सगळ्यांना "पिन टाकताना डोळे उघडे ठेवा" म्हणून ओरडणारी बाई मीच. त्यामुळे हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बाबांची पंच्याहत्तरी होती. आजी-आजोबांचा एकत्र असा एकच फोटो आहे आमच्याकडे, परळच्या स्टुडिओत काढलेला, मागे शाईने १९५८ लिहिलंय. आजोबा गिरणीत होते, फोटोत कोट घालून बसलेत (कोट स्टुडिओचाच असणार, त्यांच्याकडे कुठला आलाय कोट), शेजारी आजी नऊवारीत, कपाळावर गोंदण. २६ जुलै २००५ ला आमच्या कुर्ल्याच्या तळमजल्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, अल्बम भिजला आणि हा फोटो प्लॅस्टिकला चिकटला तो चिकटलाच, त्यात दर पावसाळ्यात बुरशी थोडी थोडी सरकत आता आजोबांच्या खांद्यापर्यंत आलीय. म्हटलं हा आणि बाकीचे १०, असे ११ फोटो नीट करून घेऊ.

दादरच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी प्लॅस्टिक न ओढता तसाच स्कॅन केला, ६०० डीपीआयला, टिफ फाइल पेनड्राइव्हमध्ये दिली. (असा चिकटलेला फोटो कोणीही ओढून काढू नका, चेहराच सोलून निघतो.) दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाले हा एकच चार-पाच दिवस घेईल, २,५०० होतील. मला महाग वाटलं. आणि त्याच रात्री ११ वाजता मोबाइलवर जाहिरात, कुठलाही फोटो ७०० रुपये, ४८ तासांत.

आता इथे मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. जाहिरातीत दोन नमुने होते, एक फेटेवाले आजोबा आणि एक मुंडावळ्या बांधलेली नवरी, डावीकडे फाटका फोटो, उजवीकडे चकाचक. दोन्ही फाटक्या फोटोंना एकसारखी चीर होती, वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघून कानाजवळ दोन फाटे फुटलेली आणि शेजारी एक चौकोनी टवका. मी ती बघितली हो! झूम करून बघितली, नवऱ्यालाही दाखवली, तो मॅच बघत होता, म्हणाला घडी घातली की तशीच पडते चीर, आणि मी मान डोलावली. दोन वेगळ्या घरातले फोटो, दोन वेगळ्या माणसांनी, एकाच जागी, एकाच फाट्यासकट दुमडले? चांगलाच फोटो घ्यायचा, त्यावर चिरेचा एक लेअर चिकटवायचा आणि त्याला "आधी" म्हणायचं, एवढीच त्यांची कारागिरी. रोज दोन बिलांतले फरक शोधून पगार घेणाऱ्या बाईला हे कळू नये!

असो. ११ फोटोंचे ७,७००, अर्धे अ‍ॅडव्हान्स ३,८५०. वीस मिनिटांत वॉटरमार्कवाला प्रिव्ह्यू आला. काका चार दिवस म्हणत होते ते वीस मिनिटांत, तेव्हाही ट्यूब पेटली नाही, कारण मोबाइलच्या स्क्रीनवर तो सुंदर दिसत होता आणि मला रडू आलं होतं. उरलेले ३,८५० दिले. मग १८ टक्के जीएसटी, १,३८६, तेही दिले. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा, बरोबर, फक्त मोजला असता तर १४ अक्षरी. १५ लागतात. जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, मी ऑफिसात दिवसाला दहा तपासते. घरी एकही नाही.

फाइल आली ती एकाच फोटोची. लॅपटॉपवर उघडली तर आजी दात दाखवून हसतेय (मूळ फोटोत ओठ गच्च मिटलेले), नाक चाफेकळी, लुगडं गुलाबी आणि गोंदण साफ. बाबा सांगतात लुगडं हिरवं होतं, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवं काय आणि गुलाबी काय, राखाडीच, सॉफ्टवेअर अंदाज मारतं. चेहऱ्याचंही तेच. पुसट झालेल्या जागेत जे नाहीच ते परत कुठून आणणार, ते आपल्या मनाने नवीन नाकडोळे काढतं आणि गोंदणाला डाग समजून खोडतं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ही कुणाकडची गं?

मी भांडले. तर ते लगेच रिफंड द्यायला तयार! तेव्हाच पळायला हवं होतं. क्यूआर पाठवला, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. मी घाटकोपरला लोकलमध्ये, एक हात कडीला, मागून धक्के, आणि टाकला पिन. ४,९९९ गेले. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही, हे मला शाळेतल्या पोरीइतकं पाठ आहे, पण त्या गर्दीत तुम्ही असता तर बघितलं असतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, चाळीस मिनिटांनी फोन लागला. १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर हाताशी ठेवा, तो शोधेपर्यंत माझा कॉल कट झाला आणि परत रांग. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात म्हणे, ते तास माझे "आपण लाइनमध्ये आहात" ऐकण्यात गेले. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. लेखी द्या म्हटलं तर मेल करा, मेल केला तर ब्रँचला जा, ब्रँचमध्ये मॅडम लंचला. (बँकेला लेखीच तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माझा आज २२ वा दिवस.) पोलीस स्टेशनात दोन तास बाकड्यावर बसवून विचारलं, फोटोसाठी एवढे पैसे दिले मॅडम? मग म्हणे पैसे गेले तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये होतात, आमची हद्द नाही. अहो, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची असं नव्या कायद्यातही लिहिलंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, मी कागद छापून नेला होता, तो कागदच ठेवून घेतला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने कंपनीचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी चप्पल घेऊन स्वतःच गेले नसते का?

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात, नाव नवीन, आणि नमुन्यात आमची आजी. उजवीकडे दात दाखवणारी, डावीकडे तीच कानाजवळ फाटे फुटलेली चीर. आमच्या फोटोला बुरशी आहे, चीर कधीच नव्हती! रिपोर्ट केलं, उत्तर आलं की यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही.

एकच बरं झालं, ते मूळ फोटो न्यायला पोऱ्या पाठवणार होते आणि आई दारातच आडवी झाली, म्हणाली फोटो घराबाहेर जाणार नाही. तुमचेही जाऊ देऊ नका. स्कॅनच द्या, आणि काम बघायचं तर मोठ्या स्क्रीनवर, मूळ फोटो शेजारी ठेवून.

शनिवारी मान खाली घालून परत काकांकडे गेले. आता ३,००० सांगितले, घासाघीस केली नाही. पैसे नंतर द्या म्हणाले, आधी वडिलांना विचारून या, कपाळावर ठिपके तीन होते की पाच, मला स्कॅनमध्ये दोनच सापडतायत.