पिंपळनेरकडचं रोशा तेल : गुलाब तो गुलाबच

मी धुळ्यात घरीच साबण बनवते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानातून रोशा तेल, म्हणजे रोशा गवताचं सुगंधी तेल (पामरोसा), मागवलं, 40 वड्यांचा घाणा लावला आणि वड्या सुटल्या तेव्हा घरभर वास सुटला तो सुंठेचा. गुलाबाचा पत्ताच नाही. सगळ्या वड्या कपडे धुवायला गेल्या.

म्हणून यंदा कार्तिकात पिंपळनेरच्या पुढे, शेतातच तेल काढायची भट्टी असलेल्या एका काकांकडे स्वतः गेले. बाटली मागितली तर म्हणाले, "ताई, पहिले वास ल्या, मंग पैसा द्या." बांधावरचे रोशाचे दोन ठोंब दाखवले. उंची तीच, पान तेच, तांबूस तुरे तेच. एकाचा तुरा तळहातावर चोळला तर गुलाब, मागून किंचित हिरव्या गवताचा वास. दुसऱ्याचा चोळला आणि मला गेल्या वर्षीच्या वड्याच आठवल्या! रोशाचे हे दोन प्रकार : पहिला मोतिया, दुसरा सोफिया. मोतियाच्या चांगल्या तेलात जिरानिऑल हे सुगंधी द्रव्य 75 ते 90 टक्के असतं, गुलाबाची झाक त्याचीच. सोफियात ते बरंच कमी, म्हणून वास आल्याकडे झुकतो.

रोशा बियांवर लावतात, त्यामुळे एका वाफ्यातली सगळी झाडं सारखी निघत नाहीत. तुरे आले की काका ओळीओळीने वास घेत फिरतात आणि वेगळा लागला तो ठोंब बी पडायच्या आत उपटतात. त्यांचा मुलगा शेतकी शिकलाय. तो म्हणाला, ज्या देशांत कायद्याने मुभा आहे तिथे गांजाची पैदास करणारेही असंच नाकाने निवडतात. मिरसीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन या वासाच्या द्रव्यांचं प्रमाण जरा हललं की वास पालटतो, म्हणून मनासारखं झाड सापडलं की बी न धरता त्याच्या फांद्या लावून रोपं करतात. कॅरिओफिलीन तर आपल्या काळ्या मसाल्यातल्या मिरी-लवंगेतही असतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण इतके दिवस मी 'वास बदलला' म्हटलं की लोक मलाच वेड्यात काढायचे.

एकोणिसाव्या शतकात खान्देशचं हेच तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. मोतियाचा वास घेतल्यावर ती भेसळ का खपत होती ते कळतं.

100 मिलीचे 400 रुपये दिले. बाटली मात्र प्लास्टिकची, हे मला पटलं नाही. इतकं चोख तेल काचेतच हवं. घरी येताच गडद काचेच्या बाटलीत ओतलं. साबणाच्या कॉस्टिक सोड्यात बरेच वास मरतात, याचा नाही मेला. वड्या सहा आठवडे मुरल्या, काल कागद उलगडला तर गुलाब तसाच. पुढच्या कार्तिकासाठी 200 मिली आत्ताच सांगून ठेवलंय.