बिडाचे तोर्तिया-यंत्र आणि घरची तोस्तादा: नऊ महिन्यांनंतर

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी बिडाचे तोर्तिया-यंत्र, म्हणजे मक्याची पातळ भाकरी (तोर्तिया) दाबून करायचे यंत्र, विकत घेतले, त्याला आता नऊ महिने झाले. आपल्या पुरीयंत्राचा हा थोरला भाऊ म्हणावा: दोन जाड चकत्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दाबायचा दांडा. चकतीचा व्यास वीस सेंटिमीटर आणि वजन तीन किलोच्या आसपास. घेताना डोळ्यांसमोर एकच पदार्थ होता, तो म्हणजे ‘तिंगा दे पोयो’ घातलेली तोस्तादा, अर्थात कुरकुरीत मक्याच्या चकतीवर चिपोत्ले मिरचीत शिजवलेली, धाग्याधाग्यांनी सुटी केलेली कोंबडी. तिंगा मूळचा मेक्सिकोतल्याच पुएब्ला भागाचा आणि आमच्या शेजारीणबाईही तिथल्याच, त्यामुळे माझ्या चुका फार दिवस झाकून राहिल्या नाहीत.

सुरुवात पिठापासून करावी लागते. तोर्तियाचे पीठ म्हणजे नुसता दळलेला मका नव्हे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर त्यातच ठेवून, धुऊन मग वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. मक्याच्या साध्या पिठाची भाकरी थापताना कडा का फुटतात आणि तोर्तियाच्या का फुटत नाहीत, याचे उत्तर त्या चुन्यात आहे. भिजवलेल्या पिठाला इथे ‘मासा’ म्हणतात. “आज मासा मळला,” असे मी फोनवर आईला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

मी तयार कोरडे पीठ वापरते. दोन वाट्या पिठाला दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मळायचे, वीस मिनिटे ओल्या फडक्याखाली ठेवायचे. गोळी बोटाने दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे, आणि प्लास्टिकला चिकटली तर जास्त. गोळा पस्तीस ग्रॅमचा घेतला की चौदा-पंधरा सेंटिमीटरची तोर्तिया होते. यंत्रात खालीवर प्लास्टिकचा तुकडा घालावाच लागतो. पातळ पिशवीला सुरकुत्या पडतात आणि त्या पिठावर उमटतात, म्हणून मी जाड पिशवी कापून ठेवली आहे. बिजागरीकडची बाजू नेहमी जाड राहते, तेव्हा एकदा हलके दाबून, तोर्तिया अर्धवर्तुळ फिरवून पुन्हा दाबायची. हे समजायला मला दोन महिने लागले.

यंत्राविषयी तक्रारी दोन. चौथ्या महिन्यात बिजागरीची खीळ सैल झाली आणि वरची चकती तिरकी बसू लागली. खीळ बदलून घेतल्यावर ते ठीक झाले. दुसरी तक्रार खरे तर माझ्या आळसाची आहे: धुऊन ओले ठेवले आणि सकाळी तांबेरा चढला. बिडाच्या तव्यासारखेच त्याला पुसून, तेलाचा हात लावून ठेवावे लागते.

तळण्यात मी सपशेल चुकले होते. ताजी तोर्तिया सरळ तेलात सोडली की ती पुरीसारखी फुगते आणि आत चिवट राहते. आधी ती तव्यावर दोन्हीकडून भाजून, रात्रभर फडक्यावर उघडी सुकवावी, काट्याने टोचावी आणि मगच १८० अंशांच्या तेलात सोडावी. तेलातले बुडबुडे आधी दाट, मग विरळ होत जातात. ते जवळजवळ थांबले की पाणी संपले असे समजून काढावी. रंगाची वाट पाहिली तर करपते. ओव्हनमध्येही होतात, पण त्या कुरकुरीत असण्यापेक्षा कडक जास्त असतात.

तिंगाला मात्र यंत्र लागत नाही, धीर लागतो. हाडासकट छातीचे तुकडे अर्धा कांदा, लसूण आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवावेत, त्याच पाण्यात कोमट होऊ द्यावेत आणि बोटांनी सोडवावेत. मिक्सरने त्याचा भुगा होतो. दोन कांदे उभे चिरून परतायचे, पण त्यांचा करकरीतपणा थोडा राखायचा. चार-पाच उकडलेले टोमॅटो, लसूण आणि डब्यातल्या दोन चिपोत्ले वाटून त्यावर ओतायच्या. चिपोत्ले म्हणजे पिकून लाल झालेली, धुरावर वाळवलेली हालापेन्यो. ती व्हिनेगरच्या आंबटसर ‘आदोबो’ रश्श्यात मुरवून डबाबंद मिळते. आम्ही कोल्हापूरचे, म्हणून पहिल्या वेळी मी अख्खा डबा रिकामा केला. हे तिखट जिभेवर लगेच कळत नाही, तिसऱ्या घासाला घशात उतरते. आता उरलेल्या मिरच्या एकेक करून, चमचाभर रश्श्यासह बर्फाच्या साच्यात गोठवते. गरम मसाल्याचा मोह आवरावा; धुराचा वास त्याखाली मरतो आणि ताटात शेवटी सुक्के येते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा रस्सा पुरता आटायला हवा. भांड्याच्या तळावरून चमचा ओढल्यावर रेघ क्षणभर टिकली पाहिजे, नाहीतर तोस्तादा हातातच मऊ पडून दुमडते. शेजारीणबाई आधी घोटलेल्या घेवड्याचा थर लावतात, तो ओल अडवतो. त्यावर तिंगा, कोबीसारखे बारीक चिरलेले लेट्यूस, साय, चुरलेले ताजे चीज.

आता यंत्र घ्यावे का? केवळ तोस्तादांसाठी, आणि तेही मेक्सिकोत, तर नको. कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियात किलोवर मिळणाऱ्या तोर्तिया दुसऱ्या दिवशी तळल्या की माझ्यापेक्षा एकसारख्या आणि पातळ होतात. मीही आता आठवड्यातल्या दिवशी त्याच आणते. यंत्र निघते ते रविवारी, गरम ताज्या तोर्तियांसाठी, आणि त्यातल्या उरतील तेवढ्या सोमवारी तळल्या जातात. परंतु डिसेंबरात आम्ही परत जाणार आहोत, आणि कोल्हापुरात तोर्तियेरिया नाही. मका आहे, खायचा चुना आहे. किलोभर मक्याला दहा ग्रॅम चुना हे प्रमाण मी इथेच करून पाहिले. तेवीस किलोंच्या सामानातले तीन किलो यंत्राचे, असे घरात ठरले आहे.