जठरातल्या उद्दीपकासोबत चौदा महिने: यंत्र चालू आहे, हे रुग्णाला कळायचे कसे?

गेल्या महिन्यात सलग नऊ दिवस मला उलट्या होत होत्या. चौथ्या दिवशी सलाइन लावताना तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी विचारले, "तुमचे यंत्र चालू आहे ना?" यंत्र म्हणजे माझ्या पोटात बसवलेला, जठराला विद्युत स्पंद देणारा उद्दीपक. मला उत्तर देता आले नाही. त्या एका प्रश्नामुळे हा अनुभव लिहीत आहे.

गॅस्ट्रोपेरेसिस (जठर रिकामे व्हायला फार वेळ लागण्याचा आजार) असणाऱ्यांना या उपचाराची ओळख करून देण्याची गरज नाही. मेटोक्लोप्रमाइड या औषधाने अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या म्हणून ते बंद करावे लागले, डॉम्पेरिडोन या दुसऱ्या औषधाचा उपयोग झाला नाही, आणि चौदा महिन्यांपूर्वी मी शस्त्रक्रिया करून घेतली. जठराच्या स्नायूत दोन तारा आणि पोटाच्या त्वचेखाली बॅटरीची डबी. जखम दोन आठवड्यांत भरली. डबी कमरपट्ट्याला लागते, पण त्याची सवय होते.

माझी खरी चूक अपेक्षेत होती. हृदयाच्या पेसमेकरप्रमाणे हे यंत्र जठराला हलवील आणि अन्न वेळेत पुढे सरकेल, असे मी धरून चालले होते. सहाव्या महिन्यात जठर किती रिकामे होते हे पाहणारा स्कॅन पुन्हा केला, तेव्हा चार तासांनंतरही ३१ टक्के अन्न जठरातच होते. शस्त्रक्रियेपूर्वी ते ३४ टक्के होते, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त उरणे हे सदोष मानले जाते. त्या दिवशी मी रोजनिशीत "खर्च वाया गेला" असे लिहिले.

ते वाक्य मला मागे घ्यावे लागले. त्याच रोजनिशीतील उलट्यांची मोजणी केली, तर आठवड्याला ३८ वरून ती संख्या ९ वर आली होती. नंतर वाचनातून उलगडा झाला. जठराची स्वतःची लय मिनिटाला सुमारे ३ लहरींची असते. यंत्र मात्र दर पाच सेकंदांनी क्षणभर अतिशय सौम्य स्पंद देते, आणि त्यांची शक्ती स्नायू आकुंचित करण्याइतकी नसतेच. मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंवर परिणाम होऊन मळमळ कमी होत असावी, असे मानले जाते. फ्रान्समध्ये १७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हेच दिसले: यंत्र चालू असताना उलट्या कमी झाल्या, जठर रिकामे होण्याचा वेग वाढला नाही, आणि जीवनमानातही ठळक सुधारणा आढळली नाही. हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणी समजावून सांगितले असते, तर सहा महिन्यांचा मनस्ताप टळला असता.

तरीही माझी मुख्य तक्रार कायम आहे. माझ्या यंत्राला दिवा नाही, आवाज नाही, आणि रुग्णाच्या हाती त्याची स्थिती दाखवणारे कोणतेही साधन दिलेले नाही. स्पंद जाणवत नाहीत, हे चांगलेच आहे. पण त्यामुळे त्रास उलटला, तर बॅटरी संपली, तार सरकली की आजारच बळावला, हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. तपासणीचे उपकरण फक्त रुग्णालयात होते आणि तिथली वेळ नवव्या दिवशी मिळाली.

तपासणीला दहा मिनिटेही लागली नाहीत. यंत्र चालूच होते. सुरुवातीला तारांमधील विद्युतरोध ४६० ओहम होता आणि २.३ व्होल्टला ५ मिलिअँपिअर प्रवाह जात होता. दरम्यान रोध ६४० ओहमवर गेला होता. व्होल्टेज तेवढेच राहिल्याने प्रवाह ३.६ मिलिअँपिअरपर्यंत घसरला होता. व्होल्टेज ३.२ केल्यावर प्रवाह पुन्हा ५ झाला आणि त्यानंतरच्या पाचव्या दिवसापासून उलट्या ओसरल्या. ज्या दोषाचे निदान शाळेतल्या ओहमच्या नियमाने होते, त्यासाठी रुग्णाने नऊ दिवस अंधारात काढावेत, हे मला अजूनही पटत नाही.

उलट्या कमी झाल्या म्हणून हा उपचार मी पुन्हाही स्वीकारीन. परंतु वाढवलेले व्होल्टेज बॅटरी लवकर संपवते, ही बॅटरी बाहेरून चार्ज होत नाही, आणि ती बदलायची म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया व पुन्हा तेवढाच खर्च. म्हणून आता प्रत्येक तपासणीचे व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर मी लिहून मागते आणि तो कागद यंत्राच्या ओळखपत्रासोबत ठेवते. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तेव्हा व्होल्टेज आणखी वाढवण्याचा विषय निघाला, तर बॅटरीचे किती महिने कमी होतील, हे मी आधी विचारणार आहे.